रेघ ओलांडली की एक

२ फेब्रुवारी

खारू,

तुझा जुना फोन नंबर आता कुणा भंगारवाल्याकडे गेलाय. मी दोनदा लावला. दुसऱ्या वेळी तो म्हणाला, "मावशी, मी तुमची मुलगी नाही, पण जुना पंखा काढायचा असेल तर सांगा." म्हणून पुन्हा पत्रच. तीन वर्षांत चार पाठवली, एकही परत आलं नाही. म्हणजे तुझ्या हातात पडतात. पुढचं तुझ्यापाशी.

बाबा बरे आहेत. जेवण व्यवस्थित आहे. आत्ता झोपलेत.

मी सप्टेंबरात निवृत्त होते. नियोजन खात्यात एकतीस वर्षं झाली. टेबलाचा तोच कोपरा, खिडकीची तीच न लागणारी खिट्टी. सध्या काम मात्र नवं आहे. आपल्या गल्लीच्या मागची जुनी मालगाडीची लाइन आठवते ना? रूळ उचलून चाळीस वर्षं झाली, नुसती झुडपांची पट्टी उरली. तू तिथे खडी वेचायचीस, गालात दोन-दोन बिस्किटं भरून. खारू नाव तिथलंच. त्या पट्टीवरून चालणाऱ्यांसाठी आणि सायकलवाल्यांसाठी हिरवा रस्ता करायचा आहे. सात किलोमीटर, सगळ्या उपनगरांच्या पोटातून, दोन्हीकडे झाडं, गाड्यांना बंदी. बाकी तुकडे मंजूर झाले. आपल्या मागचा अडला आहे. कुणी म्हणतं, त्या रानात चालतंय कोण, मोठ्या रस्त्याच्या कडेला रंगाचा पट्टा मारा आणि मोकळे व्हा. शेवटी साहेबांनी ठरवलं की तीन दिवस माणसं मोजायची. सरासरी सहाशेच्या वर गेली तर पट्टी, नाहीतर मोठा रस्ता.

मोजणी गेल्या महिन्यात झाली. जागा माझ्या वाट्याला आली, जुन्या सिग्नलच्या केबिनजवळची.

तू गेलीस त्या दिवशीचं बोलणं मला शब्दन्‌शब्द आठवतं. तू म्हणालीस, बाबांना चांगल्या संस्थेत ठेवू, तिथे माणसं असतात, रात्रंदिवस लक्ष असतं. मी म्हणाले, माझ्या घरात नवरा आहे, अडगळ नाही, आणि जिला बापाची अडचण होते तिने ही पायरी चढू नये. बॅगेची चेन लावताना तू म्हणालीस, "आई, तू बाबांना सांभाळत नाहीस. लपवतेस."

मी दार लावून घेतलं. ते लावायला नको होतं.

आई


१६ फेब्रुवारी

खारू,

मोजणी कशी करतात ते तुला कधी सांगितलं नव्हतं. तू विचारलं नव्हतंस म्हणा.

वाटेवर आडवी फक्कीची रेघ मारायची. बाजूला स्टूल. हातात कागद आणि पेन्सिल. सकाळी सात ते संध्याकाळी सात. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. दर पंधरा मिनिटांना नवी ओळ. एकही ओळ कोरी राहता कामा नये. राहिली तर तो कागद बाद. उठायचं ते फक्त बदली माणूस आला की, दिवसातून दोनदा. खात्यात नव्याने आलेल्या प्रत्येकाला मी हे शिकवलं आहे, आणि सगळ्यात आधी एक गोष्ट शिकवली आहे: माणूस मोजायचा नाही, ओलांडणं मोजायचं. एकच माणूस दहादा गेला तर दहा. रस्त्याला माणसाचं नाव कळत नाही, पाऊल कळतं.

बाबांना बरोबर नेलं होतं. शेजारच्या आजी बसायच्या त्यांच्याजवळ, त्या मुलाकडे राहायला गेल्या. दुसरं कोण होतं? त्यांच्यासाठी वेगळं स्टूल नेलं, टोपी नेली, पाण्याची बाटली नेली.

पहिले दोन तास शांत बसले. मग त्यांना रेघ दिसली. काय वाटलं कोण जाणे, उठून रेघेशी उभे राहिले, एक हात वर, जसा बसमध्ये दांडीला धरायचे तसा. तीस वर्षं कंडक्टर होता तो माणूस. बायकोचं नाव विसरला पण हात विसरला नाही. आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगायला लागले, "पुढे सरका. दारात उभं राहू नका. पुढे जागा आहे."

कुणी घाबरलं नाही. भाजीची पिशवी घेतलेली एक बाई थांबून म्हणाली, "कुठे जाते हो गाडी?"

"डेपो."

"मग मला मध्येच सोडा. सुनेच्या दारात नका सोडू."

शाळेची मुलं त्यांना झाडाचं पान दाखवायची, ते पान फाडून अर्धं परत द्यायचे. प्रवाशाबरोबर दहा पावलं पलीकडे जायचे, परत यायचे. पलीकडे, परत. आमचा सर्व्हेअर आहे, उंच आणि ताठ, खाली पडलेला कागदसुद्धा वाकून उचलत नाही म्हणून त्याला सगळे बांबू म्हणतात. तो कागद तपासायला आला तेव्हा म्हणाला, "बाई, मिस्टरांना खात्यात घेऊ या. दिवसभर जागचे हलतात तरी. आमच्याकडे तेही कुणी करत नाही."

मला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं म्हणून लक्षात राहिलं.

तिसऱ्या दिवसाचं विशेष काही नाही. सरासरी सहाशे अठ्ठावीस निघाली. पट्टी मंजूर होईल.

बाबा बरे आहेत. आत्ता झोपलेत.

आई


१ मार्च

खारू,

आज रविवार. घरात धुण्याचं काही नव्हतं तरी मशीन लावलं.

कॉन्व्हेंटच्या शाळेत आम्हाला सिस्टरनी पत्र लिहायला शिकवलं होतं. तारीख उजवीकडे, समास दोन बोटं, आणि खाडाखोड झाली की पूर्ण पत्र पुन्हा. मी चांगली विद्यार्थिनी होते. हे पत्र आज तिसऱ्यांदा लिहिते आहे.

त्याच सिस्टरकडे मी सायकल शिकले, सांगितलंय का तुला? शाळेच्या मागच्या अंगणात, सुट्टीच्या दिवशी. त्या आपला झगा कमरेला खोचून मागून कॅरिअर धरून पळायच्या. म्हणायच्या, "मागे बघू नकोस, मी आहे." एक दिवस मागे बघितलं तर त्या पार पाण्याच्या नळापाशी उभ्या होत्या. मी लगेच पडले. तोपर्यंत पडले नव्हते.

ऑफिसात एक झालं. या रस्त्याचा आराखडा करणारी मुलगी आहे, नुकतीच शिकून आलेली, कानामागे पेन्सिल खोचते. माझे मोजणीचे कागद घेऊन टेबलाशी आली.

"मॅडम, हे ठिपके कसले?"

काही रेघांच्या डोक्यावर ठिपका आहे, काहींच्या पायाशी. मी म्हणाले, पेन्सिल टेकली असेल.

"एकशे पंच्याऐंशी वेळा?"

मोजले होते तिने. चांगली आहे कामाला. मग सांगितलं. ते ठिपके बाबांचे. पलीकडे गेले की वर ठिपका, परत आले की खाली. मान वर करून सारखं बघायला फुरसत नसायची. वरच्या ठिपक्याला खालचा मिळाला की कळायचं, माणूस जागेवर आहे. मी त्यांना डोळ्यांनी नाही, पेन्सिलीने राखत होते.

तिने तिन्ही दिवसांचे कागद माझ्यासमोर मांडले. पहिल्या दिवशी छत्तीस, दुसऱ्या दिवशी अठ्ठ्याऐंशी, तिसऱ्या दिवशी एकसष्ट. मला वाटलं आता म्हणेल, एकाच माणसाचे इतके कसे. ती ते म्हणाली नाही. म्हणाली, "मॅडम, जाणं-येणं असेल तर आकडा जोडीने यायला हवा ना? एकसष्ट कसे?"

मी म्हणाले, चहाला चल.

बाबा

इथे लिहिणार होते, बरे आहेत. राहू दे.

आई


९ मार्च

खारू,

बाबा झोपलेले नाहीत. घरात नाहीत. घाबरू नकोस, जिवंत आहेत, खातात-पितात. पण घरी नाहीत. फेब्रुवारीच्या दोन्ही पत्रांत मी खोटं लिहिलं, तिसऱ्यात लपवलं.

तिसऱ्या दिवशी चार वाजून वीस मिनिटांनी ते दोन कॉलेजच्या मुलींबरोबर पलीकडे गेले. मी रेघ मारली, वर ठिपका दिला. खालचा ठिपका आला नाही.

येतील असं वाटलं. साडेचार झाले, नवी ओळ सुरू झाली. बदली माणूस दुपारीच येऊन गेला होता. एक ओळ कोरी राहिली की दिवस वाया, हे मीच शिकवते. पावणेपाच झाले. पाच झाले. माणसं येत होती, मी मोजत होते. चार उभ्या, पाचवी आडवी. सात वाजेपर्यंत मी दहा ओळी भरल्या, खारू. एकही कोरी नाही. हिशेबात एक चूक नाही.

बांबूला मी सांगितलं की कागद बाद झाला असता म्हणून उठले नाही. त्याला ते पटलं, तोही तसाच. तुला खरं सांगते. त्या दहा ओळी मला बरं वाटत होतं. ते गेले होते आणि मला कुणाकडे लक्ष द्यायचं नव्हतं. भीती वाटायला हवी होती. नाही वाटली. काहीच वाटलं नाही. अजूनही नीटसं वाटत नाही, दात काढल्यावर गाल बधिर असतो तसं आहे. आपलाच गाल, चावला गेला तरी कळत नाही.

सातला कागद पाकिटात घातला, पाकीट चिकटवलं, आणि मग उठले. बांबू सायकल काढून पट्टीवरून पुढे गेला. ते सापडले चार किलोमीटरवर, जुन्या बस डेपोपाशी. डेपोला लागून म्हाताऱ्या माणसांची एक संस्था आहे. त्यांच्या फाटकाशी उभे होते, सहा वाजल्यापासून. मेट्रनने आत घेऊन बसवलं, पाणी दिलं. सगळी झुडपं तुडवत गेले होते, पायांची सालं निघाली होती. मी पोचले तेव्हा मला म्हणाले, "शेवटचा स्टॉप. उतरून घ्या, ताई."

मेट्रन म्हणाली, आजच्या दिवस राहू द्या, पाय धुऊन पट्ट्या बांधते. आजच्या दिवसाचे दोन दिवस झाले. आज सेहेचाळीस आहेत.

ज्या गोष्टीसाठी तुला दाराबाहेर काढलं तीच मी केली. तीही चांगल्या मनाने केली असती तर गोष्ट वेगळी. मी माणूस हरवला आणि तो जिथे सापडला तिथे ठेवून आले.

तुझं बरोबर होतं. सांभाळत नव्हते.

तिथल्या अर्जावर जवळच्या नातेवाइकांच्या दोन ओळी असतात. एकीत मी माझं नाव लिहिलं. दुसरीत तुझं, न विचारता.

मी आठवड्यातून तीनदा जाते. दोन बस बदलून दीड तास लागतो. मला ओळखत नाहीत, पण जागा देतात. गाडी सुटायच्या आधी, म्हणजे जेवणाची घंटा व्हायच्या आधी, दाराकडे बघून रोज एकच विचारतात: "छोटी बसली का?" मेट्रनने मला विचारलं, छोटी कोण. मी सांगितलं. ती म्हणाली, "विचारतात तोवर बोलावून घ्या, बाई. हे विचारणंही एक दिवस थांबतं."

मी एवढ्यासाठीच लिहिते आहे. माझ्यावरचा राग तसाच ठेव. तो तुझा आहे. त्यांना भेट.

आई


२० मार्च

खारू,

तुझं उत्तर नाही. पाकीटही परत नाही.

आज साहेबांकडे गेले होते. तू म्हणशील, आता हिला सत्याचा पुळका आला. तसं नाही. त्या मुलीने बाबांचे ठिपके वजा करून पाहिले होते. सरासरी पाचशे सहासष्ट येते. म्हणजे पट्टी बाद. ती कुणाला बोलली नव्हती, पण मला बघितलं की पेन्सिल कानामागून काढून हातात घ्यायची. आणि दुसरं म्हणजे, पट्टी मंजूर झाली तर मला बाबांकडे पायी पंचेचाळीस मिनिटांत जाता येईल. सायकलवर वीस. रस्त्यात माझा स्वार्थ आहे आणि मोजणी माझी. असा कागद मी दुसऱ्या कुणाचा ठेवून घेतला नसता.

साहेबांनी ऐकून घेतलं. चष्मा काढला, पुसला. म्हणाले, "बाई, नियम तुमचाच. रेघ ओलांडली की एक. तुम्ही चुकीचं काय केलंत?"

मी म्हणाले, "साहेब, ते रस्त्याने जात नव्हते. ते ड्यूटीवर होते."

साहेब हसले नाहीत. तिन्ही दिवसांची मोजणी पुन्हा करायला सांगितलं, आणि त्याच जागेवर मीच बसावं असंही. का, ते मी विचारलं नाही.

जिन्यात बांबू भेटला. "काय बाई, निवृत्तीला सहा महिने आणि आता हरिश्चंद्र झालात? आम्हाला पुन्हा उन्हात बसवलंत." मग दोन पायऱ्या खाली उतरून वर बघून म्हणाला, "कसे आहेत कंडक्टरसाहेब?"

बरे आहेत, म्हणाले. या वेळी ते खरं होतं.

घरी आले आणि तुझ्या बाबांची सायकल माळ्यावरून काढली. चेन गंजली आहे. टायर बरे आहेत.

आई


४ एप्रिल

खारू,

फेरमोजणीचे पहिले दोन दिवस चांगले गेले. सहाशे चार, सहाशे अकरा. बाबा नव्हते तरी लोक त्यांच्यासाठी थांबत होते. भाजीच्या पिशवीवाल्या बाईने विचारलं, "आज गाडीला कंडक्टर नाही?" मी म्हणाले, बदली झाली, डेपोला. ती म्हणाली, "चांगल्या माणसाचीच बदली होते बघा." शाळेच्या एका मुलीने रिकाम्या स्टुलावर पान ठेवलं आणि गेली. पट्टीवरची झुडपंही जरा दबल्यासारखी वाटली. माणसं जायला लागली की वाट आपोआप होते.

तिसऱ्या दिवशी, पावणेसहाला दोन मिनिटं असतील, एक मुलगी पाठमोरी गेली. खांद्याला एकाच बाजूला बॅग, डावा पाय किंचित बाहेर टाकत. तू टाकतेस तसा. मी तिची रेघ मारली. मग पेन्सिल स्टुलावर ठेवली आणि उठले.

एकतीस वर्षांत बदली माणूस नसताना मी कधी उठले नव्हते. चप्पल घालायचीही राहिली. केबिनच्या पुढे, जिथे वाट वळते, तिथे तिला गाठलं. तिने वळून बघितलं.

"कोण हवंय, काकू?"

तू नव्हतीस. तुझ्याहून वयाने लहान होती, कपाळावर मुरमं होती. मी तिला किती वाजले विचारलं. तिने सांगितलं. पाय पोळत होते म्हणून सावकाश परत आले. स्टुलापाशी पोचले तेव्हा सहा वाजून गेले होते.

पावणेसहा ते सहाची ओळ कोरी होती.

बांबू आला. कागद बघितला, मग माझे पाय बघितले. खाली वाकून त्याने माझ्या चपला उचलल्या आणि माझ्यासमोर ठेवल्या. आयुष्यात पहिल्यांदा वाकलेला बघितला. हळूच म्हणाला, "बाई, तेरा-चौदा टाका त्या ओळीत. दर ओळीला तेवढेच येतात. कुणाला कळतंय?"

मी तेरा टाकले नाहीत. ओळ तशीच ठेवून पाकीट चिकटवलं.

तो कागद बाद झाला. साहेबांनी शेवटच्या दिवसाची मोजणी पुन्हा लावली आहे, गुरुवारी, सोळा तारखेला. पाचशे शहाऐंशी आले तर रस्ता होईल. बहुतेक येतील. नाही आले तर मी दोन बस बदलत जाईन, त्याची मला सवय आहे.

काल बाबांकडे गेले होते. घंटेच्या आधी दाराकडे बघितलं, पण विचारायला उशीर लावला. मी वाट बघत बसले. अगदी शेवटी विचारलं.

गुरुवारी सकाळी सात ते संध्याकाळी सात मी केबिनजवळ असेन. दुसरं स्टूलही नेणार आहे. बसायचं नसेल तर बसू नकोस. माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नकोस. रेघेवरून सरळ पुढे जा, पट्टी सोडू नकोस, पंचेचाळीस मिनिटांनी डावीकडे निळं फाटक लागेल. मेट्रनला नुसतं छोटी म्हणून सांग.

तुला मोजावं मात्र लागेल, नियम आहे. जाताना एक रेघ, आणि तिच्या डोक्यावर ठिपका.

कागद सातला बंद होतो. खालचा ठिपका द्यायला मी त्यानंतरही बसून राहीन.

आई